'उपेक्षा' म्हणजे नक्की काय? कोकणाची एक, पतंजलींची दुसरी

मूळ प्रश्न (गुहागर तालुका)

आमच्या गावच्या शाळेत रविवारी सकाळी योगवर्ग भरतो. आसनं आटपली की शिकवणाऱ्या बाई दहा मिनिटं एखादं सूत्र घेतात. गेल्या रविवारी पतंजलींच्या योगसूत्रांतलं, समाधिपाद या पहिल्या भागातलं तेहतिसावं होतं : 'मैत्रीकरुणामुदितोपेक्षाणां सुखदुःखपुण्यापुण्यविषयाणां भावनातश्चित्तप्रसादनम्'. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल मुदिता (म्हणजे आनंद) आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. असा भाव ठेवला की मन निवळतं. पहिल्या तिन्हींना सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथ्यावर मागच्या सतरंजीवरून एक निवृत्त मास्तर म्हणाले, "बाई, उपेक्षा आम्हांला नका शिकवू. कोकणाची उपेक्षा बघण्यात हयात गेली आमची." वर्ग हसला आणि सूत्र तिथंच राहिलं.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. आपण हा शब्द वापरतो कुठे? म्हाताऱ्या आईची उपेक्षा. गुणी दशावतारी कलावंताची उपेक्षा. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवर लेख आला की कोकणाची उपेक्षा. म्हणजे ज्याच्याकडे बघायला हवं त्याच्याकडे न बघणं. मराठीत उपेक्षा करणारा दोषी आणि उपेक्षित बिचारा. सूत्रात अगदी उलट, तिथे उपेक्षा करणारा शहाणा. एकाच शब्दाची ही दोन टोकं झाली कशी? आणि सूत्र मराठीत सांगताना तिथे काय घालावं? दुर्लक्ष? तटस्थता? कानाडोळा?

प्रतिसाद (देवरुख)

ताई, मुळापासून बघू. धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. अपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण ही सगळी त्याचीच पोरं. 'उपेक्षा'ही त्यांतलीच, म्हणजे शब्दाच्या पोटात 'बघणं' आहे. उलट तुम्ही सुचवलेले शब्द पाहा. दुर्लक्षात लक्ष नाही, कानाडोळ्यात डोळा तिरका, डोळेझाकीत तर झाकलेलाच. मराठीचे हे शब्द नजर वळवतात. उपेक्षेत नजर आहे, फक्त ती चिकटत नाही.

आता कोणी म्हणेल, 'उप' म्हणजे जवळ, तेव्हा उपेक्षा म्हणजे जवळून बघणं. इतकं सरळ नसतं ते. संस्कृत शिकताना एक श्लोक घोकून घेतात : 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥' एकाच 'हृ' धातूचा प्रहारही होतो आणि आहारही. उपसर्ग धातूला बकोटीला धरून कुठेही नेतो. त्यामुळे व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायला जाऊ नका, ती फक्त वाट दाखवते.

आणि वाईट अर्थ मराठीनेच लावला असंही नाही. राजनीतीत साम, दान, दंड, भेद हे चार उपाय आपल्याला पाठ असतात. कामंदकाच्या नीतिसार या राजनीतीवरच्या जुन्या ग्रंथात त्यांच्यापुढे आणखी तीन येतात : माया, उपेक्षा आणि इंद्रजाल. तिथली उपेक्षा म्हणजे मुद्दाम हात न घालणं, शत्रूचं परस्पर काय व्हायचं ते होऊ देणं. म्हणजे मनाचा उपाय आणि राजकारणाचा डाव, दोन्हींना संस्कृतातच एक शब्द होता. मास्तरांच्या तक्रारीतली उपेक्षा दुसऱ्या घरातली दिसते.

प्रतिसाद (महाड)

यात पाली विसरू नका. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा या चौघींना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणतात. दहा पारमितांतही, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांतही, उपेक्खा शेवटची. आमच्या विहारात लहानपणापासून कानावर पडलेला शब्द आहे, त्यामुळे मला तो कधी 'हेळसांड' या अर्थाने ऐकूच आला नाही. शाळेत 'उपेक्षित घटक' वाचलं तेव्हा गोंधळ उडाला, तुमच्या उलट दिशेने.

पाली भाष्यकार बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराला एक लांबचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू असतो. लांबचा चटकन ओळखू येतो. जवळचा मात्र तोंडावळ्याने तसाच दिसतो. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणाची बेफिकिरी, काही कळतच नाही म्हणून काही वाटत नाही ती. तेव्हा मराठीने जो अर्थ उचलला तो या जवळच्या शत्रूचा, असं माझं मत.

एक टोचणी मात्र लावतो. 'वाईट वागणाऱ्याची उपेक्षा करा' हे कोण कोणाला सांगतंय, हे बघायला हवं. 20 मार्च 1927ला आमच्या महाडात माणसं चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेली. त्यांना त्याआधी कोणी 'मन निवळ ठेवा, उपेक्षा करा' सांगितलं असतं तर तो योग नव्हता, ती फसवणूक होती. सूत्रात 'चित्तप्रसादन' आहे. अन्याय चालू द्यावा असं त्यात कुठेच नाही.

प्रतिसाद (मालवण)

आमच्याकडे ह्याका एकच शब्द : "मरांदे!" शेजाऱ्यान कायतरी केल्यान, वहिनी कायतरी बोलली, आजी म्हणायची, "मरांदे ता." आणि भाकरी थापूक घ्यायची. तीच आजी दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याक "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हणायची, तो भाग वेगळो.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर देवरुखवाले सर व्याकरण काढतील. आमच्याकडचा तिसरा प्रकार म्हणजे "देवाक सांगितलंय". देवळात गाऱ्हाणं घालायचं, 'व्हय महाराजा' व्हायचं, की माणूस मोकळा. वरवर वाटतं, यानं भांडण सोडलं. सोडलं कसलं! वरच्या कोर्टात दावा लावून बसलाय आणि निकालाची वाट बघतोय. समोरच्याची म्हैस आटली तरी मनात हिशेब मांडतो. ही उपेक्षा नव्हे. योगातलं ईश्वरप्रणिधान म्हणावं तर तेही नव्हे, ते तर फळ सोडून देणं.

प्रतिसाद (दाभोळ)

'तटस्थ'बद्दल बोलतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. आमच्या जेट्टीवर रोज दिसतात. धोपाव्याची फेरीबोट अर्ध्या खाडीत आहे, तिच्यावर काय चाललंय ते सगळं दिसतं, पण आपण पाण्यात नाही. शब्द सुंदर आहे, पण राजकारण्यांनी आणि पंचांनी वापरून पार गुळगुळीत केला. आता 'मी तटस्थ आहे' म्हणणारा कोणत्या बाजूचा हेच आधी विचारावं लागतं.

प्रतिसाद (मुंबई, मूळ गाव राजापूर)

घरच्या ग्रुपवर मेसेज वाचायचा, निळ्या खुणा दिसू द्यायच्या आणि उत्तर द्यायचं नाही, ही कोणती उपेक्षा? काकूंना विचारायचंय. माझ्या नव्हे, सगळ्यांच्या काकूंना.

प्रतिसाद (देवरुख)

राजापूरकर, ती कामंदकाची.

एक राहिलंच. योगसूत्रांच्याच विभूतिपाद या भागात 'मैत्र्यादिषु बलानि' असं सूत्र आहे. मैत्री वगैरेंवर संयम (म्हणजे धारणा, ध्यान, समाधी एकत्र) केला की त्या त्या भावाचं बळ मिळतं. इथे योगसूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्य, तीनच भाव मोजतं : मैत्री, करुणा, मुदिता. उपेक्षा गाळतं, आणि कारणही देतं. पापी माणसाच्या बाबतीत उपेक्षा असते, ती 'भावना' नव्हे; म्हणून तिच्यावर समाधी नाही आणि तिच्यातून बळही नाही. मला हे फार खरं वाटतं. मैत्री वाढवता येते, करुणा वाढवता येते. उपेक्षा कशी वाढवणार? "मी त्याची किती उपेक्षा करतो" असं दिवसातून चारदा मनात आलं म्हणजे तो माणूस चारदा घरात येऊन गेला.

ता. क. या चौघींत मराठीने खरी हरवली ती 'मुदिता'. शेजारच्याच्या कलमांना भरगच्च मोहोर आणि आपल्यांना नुसती पालवी, तेव्हा जे व्हायला हवं ते. तिच्यासाठी वेगळी चर्चा काढा, इथे पाल्हाळ होईल.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. महाडच्या दादांची टोचणी लागली, म्हणून घरचंच सांगते.

आमच्या आणि चुलत्यांच्या आगरामध्ये चिऱ्याचा गडगा आहे. कोरडा रचलेला, मातीचुना काही नाही, त्यामुळे पावसात दोन-तीन ठिकाणी ढासळतो आणि दसऱ्यानंतर पुन्हा रचतात. रचणारे चुलते. दरवर्षी गडगा वीतभर आमच्याकडे सरकून उभा राहतो. आमची एक पोफळ आधी गडग्यापासून दोन पावलं आत होती, मग गडग्याला टेकली, आणि गेल्या वर्षी गडगा तिला वळसा घालून आमच्या बाजूने गेला! पोफळ जागच्या जागी, फक्त पत्ता बदलला.

आई रोज जेवताना हा विषय काढायची. आप्पा गप्प. मला वाटायचं, आप्पा कानाडोळा करतायत. तर एके दिवशी ते तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज देऊन, फी भरून आले. कोणाला बोलले नाहीत. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला चहा दिला, नकाशा बघितला, खुणांवर चुना टाकताना दोरी स्वतः धरली. चुलते ओटीवर पेपर वाचत बसले होते, पेपर एकाच पानावर तासभर. संध्याकाळी आप्पांनी त्यांच्याकडे बरका फणस पाठवला, दरवर्षी पाठवतात तसाच. आई तीन दिवस बोलली नाही, तिला फणसाचा राग जास्त आला.

मी विचारलं, "तुम्हांला राग नाही येत?" म्हणाले, "येतो ना. गडग्यापाशी गेलो की येतो. जेवताना कशाला?"

गडगा अजून तिथेच आहे, हद्दीच्या खुणा त्याच्या पलीकडे. पुढची तारीख पडली आहे. तेव्हा दुर्लक्ष नक्की नाही, तटस्थता तर मुळीच नाही. मालवणच्या दादांचा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतोय, पण त्यातही अर्ज आणि फी बसत नाही. रविवारी मास्तर पुन्हा विचारणार. वर्गात उभं राहून 'मरांदे' म्हटलं तर बाई सतरंजी गुंडाळायला लावतील, तोवर कोणी बरा शब्द सुचवा.