गिरगावातली चाळ : बिल्डर एकेक खोली विकत घेतोय, संमतीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची चाळ गिरगावात, १९४० च्या आधीची, पागडीची (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहायची), सेस म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी. एकूण ४२ खोल्या. गेल्या दीड वर्षात एका बिल्डरने त्यातल्या ११ घेतल्या. घरमालकाशी त्याचं आधीच ठरलंय म्हणतात. अकराही दारांना एकसारखं पितळी कुलूप आहे, त्यामुळे कुठली खोली गेली ते जिन्यातूनच कळतं.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे सेसच्या जुन्या इमारतींसाठीच्या नियमाखाली, पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, म्हणजे आमच्याकडे २२ जणांची. त्याने घेतलेल्या ११ खोल्यांची संमती तो स्वतःच देऊ शकतो का? तसं असेल तर त्याला आणखी अकराच जण हवेत, आणि उरलेल्या आम्हा वीस घरांना विचारायचीही गरज उरणार नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

चाळीत एकमत नाही. खालच्या मजल्यावरचे काका पैसे घेऊन विरारला गेले. त्यांच्या गुडघ्यांना सामायिक संडासापर्यंतचं चालणं झेपत नव्हतं, त्यांना नावं ठेवायला माझं मन धजत नाही. तरुण मंडळींना टॉवर हवाय, कारण १६० फुटांच्या खोलीऐवजी नियमाने किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं आणि लग्न जमवताना तो आकडा विचारला जातो. आईला मात्र संक्रमण शिबिराची, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घराची, धास्ती आहे. ती ७६ वर्षांची आहे. शेजारच्या गल्लीतली माणसं गेली ती अजून परत आलेली नाहीत.

मीही पुनर्विकासाच्या विरोधात नाही. पण वाटाघाटीला बसू तेव्हा ४२ घरं एकत्र असायला हवीत, आणि ती एकेक करून कमी होताहेत.

जुलैत आमच्या डोक्यावरची बंद खोली गळायला लागली. पोटमाळ्यावरची आईची गाद्यांची वळकटी भिजली. किल्ली कुणाकडे, तेच कळेना. घरमालकाचा माणूस म्हणाला, बिल्डरला सांगा. बिल्डरच्या ऑफिसात म्हणाले, भाडेपावती अजून जुन्याच नावावर आहे, त्यांना सांगा. नववा दिवस उजाडला तेव्हा कुठे कुलूप उघडलं.

जाणकारांनी कृपया सांगावं :

भाडेपावती बिल्डरच्या नावावर झाली नसेल, तर त्या खोलीची संमती कोण देतं? म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडची भाडेकरूंची प्रमाणित यादी माहितीच्या अधिकारात मिळते का, अर्ज कुठल्या विभागाकडे करायचा? आणि आम्ही आत्ताच नियोजित सोसायटी केली, तर उरलेल्यांच्या शब्दाला वजन येईल का?

दक्षिण मुंबईत पागडीची प्रकरणं पाहिलेला भरवशाचा वकील माहीत असल्यास विपू (माझ्या विचारपुशीत निरोप) करा. रविवारी गच्चीवर बैठक आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांना शनिवारपर्यंत उत्तर द्यायला सांगितलंय. त्यांच्याशी बोलायला जाताना माझ्या हातात काहीतरी ठोस हवं आहे.