नामनिर्देशनाने वारसा मिळत नाही
२०१८ च्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रश्न मिटला, आता उरला तो फक्त समाज, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारल्यामुळे जोडीदार आजही कायद्याने वारस ठरत नाही. समाजाचे म्हणाल तर आमच्या लातूरकडे दोन पुरुष वर्षानुवर्षे एका खोलीत राहिले तरी कोणी हटकत नाही (अर्थात लग्नाचा विषय निघेपर्यंत). माझ्या ओळखीच्या अशा एका जोडीने बँकेच्या नामनिर्देशन अर्जात नात्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहिले आणि दोघे निर्धास्त झाले. वास्तविक नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती रक्कम पडते, मालकी मात्र वारसांचीच राहते. ती जोडीदाराला मिळावी यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्रच हवे; नोंदणी सक्तीची नसली, तरी भावकीचा स्वभाव पाहता ती करून ठेवलेली बरी.