घड्याळ नको, तिथी बघा

'फ्लेमिंगो बघायचे तर पहाटेच निघा' असं बरेच जण सांगतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. उन्हापुरतं ठीक, पण पक्षी घड्याळ बघत नाहीत, भरती-ओहोटी बघतात. फेब्रुवारीत आम्ही दोघं रविवारची झोप मोडून ठाण्याहून नवी मुंबईतल्या सीवूड्सला गेलो. डीपीएस शाळेमागच्या तळ्यात चार शेकाट्या पक्षी आणि एक बगळा. नवऱ्याने घरून सांभाळत आणलेला कॅमेरा पिशवीतून काढलाही नाही. ओहोटी होती, सगळा थवा ठाणे खाडीच्या चिखलात चरायला गेलेला. भरतीने चिखल बुडाला की मग ते तळ्यांवर येऊन एका पायावर उभे राहतात.

परतताना ऐरोलीत मासळी घेतली, तेव्हा कोळीण मावशींनी हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला, सकाळी आणि रात्रीही. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. आता शनिवारी रात्री आधी कॅलेंडर बघतो. सकाळी भरती असेल तर सीवूड्स. ओहोटी असेल तर खाडीकाठ, आणि तोही पाणी चढायला लागल्यावर, कारण पूर्ण ओहोटीला थवा इतका लांब असतो की नुसती गुलाबी रेघ दिसते. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला खाडीत जाणाऱ्या बोटीची वेळही भरतीवरच ठरते, आधी विचारून जा. मे संपेपर्यंत बरेचसे निघून जातात.

आणि दोन्ही वेळा जुळत नसतील तर सरळ ठाण्याजवळचं येऊरचं जंगल. पळस फुललाय, त्याला तिथी लागत नाही.