मदत हवी आहे: चिखलात हायवा टिपरचा डिफ लॉक (मागची चाकं एकत्र फिरवणारा लॉक) नक्की कधी टाकायचा?

रामराम मंडळी, नाशिकहून लिहितोय. आपली दहा चाकी हायवा सध्या इगतपुरी साइडला मुरूम टाकतेय आणि तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, साइटवरचा कच्चा रस्ता म्हणजे नुसतं लोणी झालंय. मागचं एक चाक जागेवर गरागरा फिरतं, बाकीची ढिम्म. ड्रायव्हर नवा आहे, चाक फिरत असतानाच लॉकचं बटण दाबतो आणि खालून खाडकन आवाज येतो. त्याला सांगितलंय की आधी गाडी थांबव, मग लॉक टाक, पहिल्या गिअरमध्ये हळू सरळ काढ आणि कडक रस्त्यावर आलं की लगेच लॉक काढ, नाहीतर एक्सल शाफ्टच (चाक फिरवणारा दांडा) जायचा. इथपर्यंत बरोबर ना?

पण बाहेर पडताना चढावरच वळण आहे, बाजूला चर. लॉक टाकून स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच रेटते. मग वळणाआधीच सगळं काढायचं का मागच्या दोन एक्सलना जोडणारा लॉक ठेवून फक्त डाव्या-उजव्या चाकांचा काढायचा? आणि बटण बंद करूनही लॉकचा दिवा जळतच राहिला तर गाडी जरा मागेपुढे केली की लॉक सुटतो का? भरलेली गाडी चालवणाऱ्यांनीच सांगा, चाकाखाली दगड टाकायचं काम आम्ही रोज करतोच.