मदत हवी आहे: घरातलं ऑफिस आणि साइटच्या फेऱ्यांचा खर्च

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, इंटिरिअरची कामं स्वतंत्रपणे घेते. कंपन्या आयकराच्या १९४जे कलमाखाली १० टक्के टीडीएस कापून पैसे देतात. ४४एडीए (व्यावसायिकांसाठी अंदाजे उत्पन्नाचं कलम) घेतलं की निम्मी जमा उत्पन्न धरायची, वर वेगळा खर्च मागता येत नाही, हे ठाऊक आहे. पण यंदा एक साइट काणकोणला, दुसरी पेडण्याला. पेट्रोल आणि ड्राफ्टिंगवाल्याचे पैसे धरून खर्च निम्म्याच्या वर गेलाय. म्हणून २०२५-२६ साठी प्रत्यक्ष खर्च दाखवावा म्हणते. (हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट आलंच, त्याची फी वेगळी!)

अडचण अशी की ऑफिसची खोली सासऱ्यांच्या घरात, वीजबिल त्यांच्या नावावर, भरते मी. खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बिल धरता येईल का? की रीतसर भाडेकरार करून बँकेतून भाडं द्यावं? मामंजी म्हणतात, "सुनेकडून भाडं? लोक काय म्हणतील!" शिवाय ते त्यांच्या उत्पन्नात धरलं जाणार.

गाडी नवऱ्याच्या नावावर आहे. घरची-कामाची धाव वेगळी दाखवायला किलोमीटरची वही पुरते का? पंपाच्या पावत्यांची शाई उडतेय, फोटो चालतील?

फोंडा-मडगावकडे अशी कामं करणारे सीए कुणाला माहीत असतील तर कृपया सांगा.