पंधरा वर्षांच्या अल्टोला महागडे टायर कशाला?

वाकडी_वाट
मु. पो. कराड. गाडी अल्टो, २०१० ची. नुकतंच आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालं, त्याचे ५ हजार आणि वर हरित कर. आता चारही टायर बदलायला आलेत. दुकानात गेलो तर तिथले गृहस्थ 'साहेब, टायरमध्ये काटकसर करू नका' म्हणत सगळ्यात महागाचा जोड काढून दाखवायला लागले.

माझं मत सांगतो, पटत नसेल तर भांडा. या गाडीच्या टायरचा साइज १४५/८० आर१२ (म्हणजे १२ इंची चाक), पुढे ७४टी. हे ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो भार आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. स्वस्तातल्या स्वस्त आयएसआय टायरवरही हेच छापलेलं असतं. गाडी रिकामी भरते सातशे-सव्वासातशे किलो आणि ऐंशीच्या वर गेली की दारं गाणं म्हणतात. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर फिरते: मंडई, बँक, कधीतरी सासरवाडी. अशा गाडीचा टायर झिजून जात नाही, वाळून जातो. मग ८० हजार किलोमीटर चालणाऱ्या टायरचे पैसे मी का मोजू?

मी दोनच गोष्टी बघणार: देशी कंपनी आणि तारीख. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लंबगोलात चार आकडे असतात, २२२५ म्हणजे २०२५ चा २२ वा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल घेणार नाही. बाकी नक्षी कशी आहे, जाहिरात कोण करतो, याच्याशी देणंघेणं नाही.

घाट_रस्ता
सासरवाडी कुठली, ते सांगितलं नाहीत.

वाकडी_वाट
चिपळूण.

घाट_रस्ता
वाटलंच. म्हणजे कुंभार्ली घाट. आणि सण-समारंभ पावसाळ्यातही येतात.

तुमचं अर्धं गणित बरोबर आहे, पण उत्तर उलटं काढलंत. टायर वाळूनच जाणार असेल तर जास्त किलोमीटरवाला टायर तुमच्या कामाचा नाही, हे मान्य. पण स्वस्त रांगेतले बरेच टायर नेमके तेच असतात! कडक रबर, झीज कमी, टॅक्सीवाले खूश. कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. तुमच्यासारख्या कमी फिरणाऱ्याने उलट मऊ रबराचा, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचा टायर घ्यावा. तो ४० हजारांत संपेल म्हणून दुसरे लोक घेत नाहीत, तुमचे ४० हजार व्हायला दहा वर्षं लागतील.

दुसरं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. तुमच्या गाडीत ते नाही. एअरबॅगही बहुधा नसेल. नव्या गाडीत चाक लॉक व्हायला लागलं तर यंत्रणा सावरून घेते, तुमच्याकडे रस्ता आणि गाडी यांच्यामध्ये तळहाताएवढं रबर आहे, बस्स. 'जुनी गाडी आहे, चालतंय' हे वाक्य टायरच्या बाबतीत बरोब्बर उलटं म्हणायला हवं.

जुना_बाजार
तुम्ही दोघंही नव्याच्या मागे. नवी गाडी घेतलेली पोरं आठवड्यात अलॉय चाकं चढवतात आणि कंपनीचे टायर काढून देतात. तीनशे किलोमीटर चाललेला टायर अर्ध्या किमतीत मिळतो. मी वर्षानुवर्षं असेच घालतोय, काही झालं नाही.

चष्मा_पुसून
तुमची गाडी कुठली? कारण अल्टो ८०० बंद झाली २०२३ मध्ये. आजची अल्टो के१० १३ इंची चाकांवर येते. १४५/८० आर१२ घालून शोरूममधून गाडीच बाहेर पडत नसेल तर 'नवेकोरे काढलेले' टायर येतात कुठून?

जुना_बाजार
एमजी कॉमेटला १२ इंची आहेत की!

चष्मा_पुसून
तो १४५/७०, मारुती ८०० चा साइज. अल्टोचा नव्हे. शिवाय कॉमेटवाला टायर काढून विकेल आणि ते कराडच्या बाजारात येतील, या आशेवर गाडी किती दिवस ठोकळ्यांवर ठेवायची?

जुना_बाजार
माझी स्विफ्ट आहे. तिला मिळतात. अल्टोचं मला माहीत नाही, पण सेकंडहँड म्हणजे वाईट असं सरसकट म्हणू नका.

पाना_नंबर_दहा
गॅरेजचा माणूस म्हणून लिहितो. सेकंडहँडमध्ये खरा धोका जुन्या टायरचा नाही, कोरलेल्या टायरचा आहे. गोटा झालेल्या टायरवर गरम कटरने नक्षी परत कोरतात, वर काळं पॉलिश मारतात. फोटोत नव्यासारखा दिसतो. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, १.६ मिमीचे. नक्षी तिथवर झिजली की टायर कायद्यानेही बाद. कोरलेल्या टायरमध्ये ते उंचवटे कापले गेलेले असतात. खाचेत बोट घालून बघा, सापडले नाहीत तर पुढच्या दुकानात चला. कोरताना आतल्या तारेवरचं रबर पातळ होतं आणि मग एक दिवस साइडवॉलला नाही, थेट तळालाच फुगा येतो.

वाकडी_वाट, चार बदलणार की दोन? पैसे कमी असतील तर दोन बदला, पण नवे मागे टाका.

वाकडी_वाट
मागे?? गाडी ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची, ब्रेकचा भारही बहुतेक पुढेच. मागची नुसती फरफटत येतात. आमच्याकडचा प्रत्येक पंक्चरवाला नवे पुढेच टाकतो.

पाना_नंबर_दहा
टाकतो, कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असतं आणि पुढचे लवकर झिजतात. पण टायर कंपन्या स्वतः मागेच सांगतात. साचलेल्या पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता, वेग उतरतो, पकड परत येते. मागची सुटली तर बूड बाजूला सरकतं आणि गाडी गरकन फिरते. घाटातल्या वळणावर ते सावरणं कुणाच्या बापाला जमत नाही.

घाट_रस्ता
+१. यावर एकदा तरी आपलं एकमत झालं.

वाकडी_वाट
तुमचं झालं, माझं नाही. मी चारही बदलतोय, त्यामुळे हा वाद माझ्या अंगाला लागत नाही.

ठेचा_भाकर
राजेहो, सगळं पावसावरच चाललंय. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि समृद्धीवर १२० ची मुभा आहे. सिमेंटचा रस्ता, सरळ पट्टा, हवा कमी असलेला टायर आतून तापत जातो. तिथे नाक्यावर आरटीओवाले टायर तपासतात ते उगीच नाही. स्वस्त-महाग नंतर बघा, आधी हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरमध्ये मोजा. महागाचा टायर पंचवीसच्या, म्हणजे कमी हवेवर पळवला तरी फुटतोच.

वाकडी_वाट
अल्टो घेऊन समृद्धीवर १२० ने जाणाऱ्याला टायर नव्हे, डॉक्टर लागेल. :)

असो. घाट_रस्ता, तुमचा मऊ रबराचा मुद्दा तत्त्वतः ठीक. पण १२ इंचीत तुम्ही म्हणता तशी निवड आहे कुठे? ज्या विदेशी कंपन्यांची नावं लोक घेतात, त्यांचा माल या साइजमध्ये आमच्या गावात कुणी ठेवत नाही. उरतात चार-पाच देशी कंपन्या, प्रत्येकीचा एखाद-दुसरा नमुना. भावात फरक टायरमागे पाच-सातशेचा. त्या पाच-सातशेत पकड मिळते की नाव, हे दुकानदारालाही सांगता आलं नाही.

घाट_रस्ता
मग भांडण महाग विरुद्ध स्वस्त असं राहिलंच नाही. चारचे मिळून दोन ते पावणेतीन हजार. त्यातला हजार तर सरकारनेच परत दिलाय: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत २,५०० असेल तर ३,२०० चा टायर २,९५० ला यायला हवा. दुकानदाराने तसं बिल दाखवलं का?

वाकडी_वाट
बिल नको असेल तर आणखी कमी करतो म्हणाला.

पाना_नंबर_दहा
बिल घ्याच. साइडवॉल दोन महिन्यांत फुगली तर बिलाशिवाय कंपनीचा माणूस दारात उभा करणार नाही. आणि दुकानातून निघण्याआधी बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह पन्नास-शंभरचा असतो, पण जुना चिरलेला असेल तर नवा टायर रात्रीतून बसतो आणि शिव्या टायरला पडतात.

चष्मा_पुसून
स्टेपनीची तारीख बघितली का कुणी? २०१० च्या गाडीची स्टेपनी बहुतेक २०१० चीच असते. नक्षी नवीकोरी, रबर पापडासारखं. बहुतेक कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात, मग टायर एक किलोमीटरही चाललेला नसो.

वाकडी_वाट
आत्ता खाली जाऊन बघून आलो. ०८१०. म्हणजे चार नाही, पाच घ्यावे लागणार. घाट_रस्ता, आता तरी स्वस्तातले घेऊ द्या.

घाट_रस्ता
स्टेपनीला सगळ्यात स्वस्त घ्या. बाकी चारांवर मी मागे हटत नाही.