वडाचा पर्णसंभार पेन्सिलीने काढताना सपाट का दिसतो?

रेषावेडी:
नमस्कार. गेले दोन महिने मी आमच्या गावातल्या पारावरचा वड समोर बसून रेखाटते आहे. खोड बऱ्यापैकी जमते, मात्र पाने काढू लागले की सगळा घेर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसू लागतो. शाळेत ढगासारखी बाह्यरेषा काढून आतला भाग गिरवायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. एकेक पान काढून पाहिले, तर तासाभरात एक फांदीही पुरी होत नाही. नेमके कुठे चुकते आहे?

शिसपेन्सिल:
ताई, चूक पानांत नसून पानांआड दडलेल्या फांद्यांत असावी. लिओनार्दो दा विंची याने नोंदवून ठेवले आहे की, कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाइतकी भरते. प्रत्येक झाडाला हे तंतोतंत लागू पडत नसले, तरी चित्रकाराला त्यातून मोठी शिकवण मिळते: फांदी गाजरासारखी निमुळती होत जात नाही, तर दोन फाट्यांच्या मध्ये ती जवळजवळ सारख्याच जाडीची राहते आणि फाटा फुटला की बारीक होते.

हा सांगाडा फिकट रेषांनी काढून झाल्यावर डोळे अर्धवट मिटून झाडाकडे पाहा, म्हणजे पाने नाहीशी होऊन उजेडाचे आणि सावलीचे पुंजके तेवढे उरतील. प्रत्येक पुंजक्याचा माथा उजळ आणि पोट गडद ठेवा. पुंजक्यांच्या मधून दिसणारे आकाशाचे तुकडे मात्र न विसरता सोडा, कारण झाड श्वास घेते ते त्यांच्यामुळेच. हे तुकडे मोकळ्या आकाशापेक्षा किंचित मंद दिसतात, म्हणून तिथे कागद अगदी कोरा न ठेवता हलकी छटा द्या. एका तुकड्यात दिसलेली फांदी पुढच्या तुकड्यात त्याच दिशेने निघते आहे ना, हेही तपासा.

वड सहसा पुरता निष्पर्ण होत नाही, त्यामुळे सांगाड्याचा सराव माघ-फाल्गुनात पाने झडलेल्या सावरीवर करावा. तिच्या आडव्या पसरलेल्या फांद्या स्पष्ट वाचता येतात.

कागदवेल्हाळ:
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. पाने सुटी दाखवायची ती फक्त घेराच्या कडेला आणि उजेड-सावलीच्या सीमेवर. तिथला फटकारा झाडागणिक बदलतो. वडाचे पान जाड आणि लंबगोल असल्याने २बी पेन्सिलीचे टोक बोथट करून रुंद ठसे द्यावेत. चिंचेला तेच ठसे दिले तर ती चिंच राहत नाही, तिथे बारीक, मऊ, पिसासारखी रेघ हवी. पोटातल्या गडद सावलीसाठी ६बी वापरा.

पारंबी:
पारंब्यांविषयी थोडेसे. लोंबत्या पारंब्या ओळंब्यासारख्या सरळ खाली येतात आणि त्यांची टोके झुबक्यांनी सुटतात. जमिनीत रुजलेल्या पारंब्या मात्र जाड होऊन खांबासारख्या उभ्या राहतात. दोन्ही एकाच जाडीने काढल्या की वड खोटा वाटतो. रुजलेल्या पारंबीच्या बुंध्याशी पडलेली सावली पाराच्या दगडांवर चढवलीत, तर चिकटवल्यासारखा भासही जाईल.

रेषावेडी:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी बाह्यरेषा न काढता एकच फांदी घेतली. आकाशाचे पाच तुकडे आधी सोडले आणि त्यांच्याभोवती पाने भरत गेले. तिसऱ्या तुकड्यात फांदी चुकीच्या दिशेने निघाली होती, ती खोडून पुन्हा जोडली, आणि त्या एवढ्याशा दुरुस्तीने फांदी पहिल्यांदाच माझ्या दिशेने पुढे आल्यासारखी दिसली. पारंब्या रविवारी काढीन.